मदत हवी आहे: टँगोच्या वर्गात जमतं ते मिलोंगात जमत नाही, शिकण्याची पद्धत बदलावी का?

पारवा

नमस्कार मंडळी. अर्जेंटाइन टँगो नाचणाऱ्या आणि शिकवणाऱ्या जाणकारांचं मार्गदर्शन हवं आहे.

आमच्या वर्गात आठ पावलांचा ठरलेला साचा (पासो बासिको) आधी घोटून घेतात आणि मग दर आठवड्याला त्याला एक नवीन रचना जोडतात: ओचो (आठच्या आकड्यासारखं वळण), सकादा, बोलेओ, गांचो वगैरे. मी लीडर म्हणून नाचतो. वर्गात रचना पूर्ण होतात. मिलोंगात (टँगो नाचायच्या सामूहिक कार्यक्रमात) मात्र पहिल्याच पावलाला मागच्या जोडीला धक्का लागतो. पुढची जोडी मध्येच थांबली की माझी रचना अर्ध्यावर तुटते आणि तिथून पुढे जाता येत नाही.

मार्चमध्ये बुएनोस आइरेसला जाणं ठरलं आहे. तिथल्या गर्दीत नाचता यावं म्हणून आतापासून काय सराव करावा? वर्ग बदलावा का, आणि बदलायचा तर कशा प्रकारचा शोधावा? तिथल्या रीतीभातींबद्दलही कुणी सांगितलं तर फार बरं होईल.

कातळ

धक्का लागण्याचं कारण त्या साच्यातच आहे. त्यात लीडरचं पहिलं पाऊल उजव्या पायाने मागे पडतं. मिलोंगात सगळ्या जोड्या घड्याळाच्या उलट दिशेने सरकतात, त्याला रोंदा म्हणतात. म्हणजे तुमच्या पाठीमागून सतत कुणीतरी पुढे येत असतं आणि ते तुम्हाला दिसत नाही. हे पाऊल आजपासून पूर्ण बंद करा.

त्याऐवजी बाहेरच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. जागच्या जागी भार डावीकडे-उजवीकडे हलवून उजव्या पायावर स्थिर करा, म्हणजे फॉलोअरचा भार तिच्या डाव्या पायावर येईल. मग डावं पाऊल बाजूला टाका. भिंतीकडे तोंड असल्यामुळे तुमची डावी बाजू म्हणजेच रोंदाची पुढची दिशा. मागे न जाता तुम्ही पुढे सरकलात, आणि येणारी जोडीही नजरेच्या टप्प्यात राहिली. तिथून थोडं डावीकडे वळून चालायला लागा.

रचना तुटते कारण ती पाठ केलेल्या ओळीसारखी डोक्यात बसली आहे आणि मधल्या पावलांवरून बाहेर पडायची वाट शिकवलेली नाही. त्यावर उपाय: गाणं लावून फक्त चाला. तिसऱ्या माणसाने मध्येच केव्हाही टाळी वाजवायची. टाळी पडली की त्याच ठोक्यावर थांबायचं, आणि फॉलोअरचा भार कोणत्या पायावर आहे ते मान खाली न घालता सांगायचं. ते अचूक सांगता येऊ लागलं की कुठल्याही पावलावरून बाहेर पडता येतं, कारण मोकळा पाय कोणता हे कळलेलं असतं. ठोक्याच्या क्षणी भार नव्या पायावर पोचलेला असावा. बरेच जण ठोका ऐकून मग पाऊल उचलतात आणि कायम थोडे मागे पडतात.

गर्दीसाठी चालण्याखेरीज दोनच गोष्टी पक्क्या करा. पहिली म्हणजे झोक्यावरचं वळण: डावं पाऊल अर्धं पुढे, भार परत उजव्यावर, आणि दर झोक्याला साधारण पाव वळसा डावीकडे. चार झोक्यांत पूर्ण फेरी होते आणि जागा जवळजवळ लागतच नाही. दुसरी ओचो कोर्तादो. लीडर: डावा पुढे, भार परत उजव्यावर, डावा बाजूला छोटासा, तिथूनच उलटून उजवा जवळ. फॉलोअर: उजवा मागे, डावा पुढे, उजवा बाजूला, मग डावा उजव्याच्या पुढून क्रॉस. आधी चारही भार-बदल एकेका ठोक्यावर करा, दुप्पट वेग नंतर आणा. इथे नेहमी बिघडतं ते तिसऱ्या पावलावर. लीडर त्या पायावर पूर्ण भार टाकून बसतो, परतीला झोक उरत नाही, मग तो फॉलोअरला हाताने ओढून क्रॉस करायला लावतो. तिसरं पाऊल टेकलं की लगेच परत फिरायचं असतं.

घरी फरशीवर चिकटपट्टीने दीड मीटर लांबी-रुंदीचा चौकोन आखा आणि अडीच-तीन मिनिटांचं पूर्ण गाणं रेषेवर पाय न देता नाचा. सुरुवातीला जवळजवळ उभंच राहिल्यासारखं वाटेल. गर्दीच्या मिलोंगात मात्र जागा एवढीच मिळते.

सांजवेळ

कातळ यांच्याशी पूर्ण सहमत. मी शिकवण्याच्या पद्धतींबद्दल लिहिते.

१९८३ साली पॅरिसमध्ये रंगमंचीय टँगोचा मोठा प्रयोग झाला, १९८५ मध्ये तो ब्रॉडवेवर गेला, आणि जगभर टँगोचे वर्ग वाढले. शिकवणारे पुष्कळदा रंगमंचावरचे नर्तक होते. मोठ्या गटाला एकाच वेळी शिकवायला ठरलेली आठ पावलं सोयीची पडतात, म्हणून ती पद्धत रुजली. रिकाम्या वर्गात ती चालूनही जाते.

दुसरी पद्धत १९९० च्या दशकात सुसाना मिलर यांनी नावारूपाला आणली, तिला एस्तिलो मिलोंगेरो म्हणतात. छातीला छाती लागलेली मिठी, छोटी पावलं, लयीचे साधे तुकडे, ओचो कोर्तादो लवकर. बुएनोस आइरेसच्या मध्यभागातल्या दाटीच्या हॉलमध्ये असंच नाचतात. त्याच दशकात गुस्तावो नावेइरा आणि फाबियान सालास यांच्या गटाने टँगोची चिरफाड करून मांडणी केली: पुढचं, बाजूचं आणि मागचं अशी तीनच पावलं, दोघं समांतर पद्धतीत (एकाचा डावा तेव्हा दुसऱ्याचा उजवा) आहेत की आडव्या (दोघांचा एकच पाय), वळणाचा केंद्रबिंदू कोण. ही पद्धत समज फार चांगली देते, पण कोऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या दिवसापासून दिली तर तो डोक्याने नाचायला लागतो आणि मिठी तशीच कच्ची राहते. याखेरीज विय्या उर्किसा भागातली लांब चालीची सालोन शैली आहे. तिथला सुंदरलँड क्लब म्हणजे बास्केटबॉलचं मैदान, तिथे लांब पाऊल परवडतं.

या सगळ्यांच्या आधीची रीत वेगळी होती. १९४० च्या दशकात पुरुष प्राक्तिकात, म्हणजे सरावाच्या जागी, पुरुषांबरोबरच शिकायचे, आणि बहुतेकांना आधी फॉलोअरची बाजू नाचावी लागे. तुमच्या प्रश्नाला माझ्या मते हेच सगळ्यात थेट उत्तर आहे. दर सरावात निदान अर्धा तास फॉलोअर व्हा. हाताने ढकललं की काय वाटतं आणि भार नीट पोचवला की काय वाटतं, हे त्याशिवाय कळत नाही.

वर्ग निवडताना एक तास बसून बघा. भरपूर वेळ चालण्यात जातो का, जोडीदार दर गाण्याला बदलतात का, सगळे रोंदात नाचतात का की आरशाकडे तोंड करून, आणि सुवर्णकाळातलं (साधारण १९३५ ते १९५५) संगीत लावतात का. आस्तोर पियासोयाचं संगीत थोर आहे, पण मिलोंगात नाचायला ते सहसा लावत नाहीत. पाठ चालीचा हवा असेल तर दि सार्लीचा वाद्यवृंद लावावा, लयीला दारिएन्सो, आणि पुग्लिएसे सगळ्यात शेवटी, कारण त्याच्या ताणलेल्या जागा आणि विराम नवख्याला पेलत नाहीत.

व्हिडिओ बघत असाल तर मिलोंगात मध्यरात्री मोकळ्या फ्लोरवर पाहुणी जोडी नाचते ते प्रदर्शन सोडून द्या. बुएनोस आइरेसच्या जागतिक स्पर्धेतल्या (२००३ पासून सुरू आहे) पिस्ता विभागाच्या फेऱ्या बघा. तिथे अनेक जोड्या एकाच फ्लोरवर रोंदात नाचतात आणि गाणं चालू असताना मिठी सोडत नाहीत.

अबोली

फॉलोअरच्या बाजूने लिहिते. साच्यात शिकलेली फॉलोअर पाचव्या पावलावर आपोआप क्रॉस करते, लीडरने मागितला असो वा नसो. त्यामुळे लीडरला वाटतं आपण नीट लीड केलं. परीक्षा घ्या: तिच्या उजव्या बाजूने बाहेरून चाला, छाती तिच्याकडे वळलेली ठेवा आणि ती तशीच ठेवून चालत राहा. ती मागे चालत राहायला हवी. आता छाती पुन्हा सरळ आणा. तिचं शरीर तुमच्या समोर यायला बघेल आणि डावा पाय आपसूक क्रॉस होईल. क्रॉस या वळण्यातून येतो, पावलांच्या मोजणीतून नाही.

आता रीतीभाती. पारंपरिक मिलोंगात गाणी तांद्यात, म्हणजे गटागटाने लागतात: टँगोची बहुतेकदा चार, वाल्स (तीन ठोक्यांच्या चालीची) आणि मिलोंगा (इथे जलद लयीचा नृत्यप्रकार) यांची तीन. नेहमीचा क्रम दोन तांदे टँगो, एक वाल्स, दोन टँगो, एक मिलोंगा. दोन तांद्यांच्या मध्ये कोर्तिना नावाचा छोटा तुकडा वाजतो, तो परक्या संगीताचा असतो. तेव्हा फ्लोर रिकामा करायचा असतो आणि पुढच्या तांद्याचं आमंत्रण त्याच सुमारास होतं. आमंत्रण नजरेने. दुरून बघायचं, नजर मिळाली तर मान किंचित हलवायची, समोरून होकार आला तरच उठायचं. टेबलापाशी जाऊन हात पुढे करू नका. तसं केल्याने तिला नकार द्यायची जागाच उरत नाही, म्हणून तिथे ते उद्धट समजतात. जाताना नजर तिच्यावरच ठेवा, ती सहसा तुम्ही समोर पोचल्यावरच उठते. मागच्या टेबलावरच्या बाईला आपल्यालाच बोलावलं असं वाटून होणारा गोंधळही त्यामुळे टळतो.

तांदा चालू असताना फ्लोरवर उतरायचं असेल तर येणाऱ्या लीडरकडे बघून त्याची मान हलेपर्यंत थांबा. ओव्हरटेक करू नका, आणि पुढे मोठी रिकामी जागाही सोडू नका, कारण मागची सगळी रांग त्यामुळे अडते. गाणं सुरू झाल्यावर पहिली वीस-तीस सेकंद लोक गप्पा मारत उभे असतात, घाई करू नका. तांदा संपायच्या आत "ग्रासियास" म्हणणं म्हणजे पुरे झालं असं सांगणं, त्यामुळे दोन गाण्यांच्या मध्ये सौजन्य म्हणून तो शब्द वापरू नका. आणि फ्लोरवर कुणालाही शिकवायचं नाही.

पारवा

सगळ्यांचे मनापासून आभार, चौकोन आजच आखतो. एक शंका राहिली. जवळच्या मिठीत मागचा ओचो अडकतो. फॉलोअरचं कंबरेपासून वळणं पूर्ण होत नाही आणि दोघांचा तोल जातो.

कातळ

तुमचा उजवा हात तपासा. बहुधा तो तिच्या पाठीला घट्ट आवळलेला असणार. तिच्या बरगड्यांना वळायला जागा नसेल तर ती वळण कंबरेतून काढते आणि तोल जातो. हात पाठीवर सपाट ठेवा, बोटं रुतवू नका, आणि तिच्या वळण्याबरोबर तो दोन-तीन बोटं सरकू द्या. जवळच्या मिठीत पूर्ण पिव्हट (एका पायावर फिरणं) लागतही नाही. तुम्ही भार एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला न्या, छाती अगदी थोडी वळवा, ती पाय मागून तिरका टाकेल. वर्गात मोकळ्या मिठीत शिकलेलं मोठं वळण इथे मागू नका.

तोलाची कसोटी अशी: कुठल्याही क्षणी मिठी सैल केली तर दोघांनाही आपापल्या पायावर उभं राहता आलं पाहिजे. छातीचा हलका भार एकमेकांकडे असतो, पण लटकायचं नसतं. लीडर खाली बघतो तेव्हा डोकं पुढे आणि कंबर मागे जाते आणि हा तोल लगेच बिघडतो. नजर तिच्या खांद्यावरून पुढच्या जोडीकडे ठेवा, म्हणजे रोंदाही दिसेल.

बुटांचा तळ चामड्याचा किंवा स्वेडचा हवा. रबरी तळ फरशीला चिकटतो, पाय वळत नाही आणि पीळ थेट गुडघ्यात जातो. सरावालाही रबरी तळ नको.

अबोली

तळाबद्दल +१. जोडीदारालाही सांगा की ओचोचा सराव आधी सपाट बुटांत करायचा. सात-आठ सेंटिमीटरच्या टाचेवर भार आधीच चवड्यावर गेलेला असतो, त्यामुळे तोल तिचा जातोय की तुमच्या हातामुळे, हे वेगळं काढता येत नाही.