प्रतिसाद: कॅप्सूल गिळून तोंडाचा वास जाईल का?

वर कुणीतरी विचारलंय की पोटासाठीची प्रोबायोटिक, म्हणजे उपयोगी जिवाणूंची, कॅप्सूल गिळली तर तोंडाची दुर्गंधी जाईल का. मला तरी त्याचा फारसा उपयोग वाटत नाही. बहुतेकांच्या बाबतीत वास पोटातून येतच नाही. जिभेच्या मागच्या भागावरच्या थरात आणि हिरड्यांच्या फटीत ऑक्सिजनशिवाय जगणारे जिवाणू प्रथिनं कुजवतात, त्यातून हायड्रोजन सल्फाइडसारखे गंधकयुक्त वायू सुटतात. म्हणून प्रोबायोटिक घ्यायचंच तर तोंडातच विरघळणारी, चघळायची गोळी घ्या. स्ट्रेप्टोकॉकस सॅलिव्हेरियस के१२ हा अशा गोळ्यांतला बराच अभ्यासलेला जिवाणू. तो स्वतःची जिवाणूरोधक प्रथिनं तयार करतो. आधी जीभ घासा, रात्री दात घासल्यावर गोळी हळूहळू विरघळू द्या, वर पाणी पिऊ नका. गोळी बंद केली की परिणाम ओसरतो. आणि हिरड्यांतून रक्त येत असेल तर कृपा करून आधी दंतवैद्य गाठा, साचलेलं कीटण गोळीने निघत नाही.