मोकळी मेमरी दिसते, तरी निरोप अर्धाच जातो

शेतपंपाला लावलेल्या अर्डुइनो ऊनो या छोट्या कंट्रोलर बोर्डावर एकूण मोकळी मेमरी ६०० बाइट दिसते, तरी दोन-तीन दिवसांनी मोटरीचा एसएमएस अर्धवट येतो, असं तुम्ही लिहिलंय. हेच दुखणं मी निपाणीजवळ आमच्या उसाच्या पंपावर महिनाभर काढलं, म्हणून लिहितो.

एकूण आकडा बघू नका, सलग तुकडा केवढा उरलाय ते बघा. समजा, वीस गुंठे पड आहे, पण बांधाबांधांत विखुरलेली. तिथं ट्रॅक्टर वळत नाही. मेमरीचंही तसंच. स्ट्रिंगला (मजकूर ठेवायचा, लागेल तसा वाढणारा प्रकार) अधिकचिन्हानं मजकूर जोडत गेलात की जागच्या जागी वाढ मावली नाही तर नवा मोठा तुकडा घेतला जातो, जुना मोकळा होऊन मध्येच भोक राहतं. ऊनो आर३कडं सगळी रॅम (प्रोग्राम चालताना वापरायची मेमरी) मिळून २०४८ बाइट. जागा मिळाली नाही तर जोडणी गुपचूप फसते, एरर येत नाही. तुमचा अर्धा निरोप तिथलाच वाटतो.

मी स्ट्रिंग काढून एकच ग्लोबल कॅरेक्टर ॲरे (ठरलेल्या मापाची, सगळ्या प्रोग्रामला दिसणारी मजकुराची जागा) ठेवला आणि एसएनप्रिंटएफनं, म्हणजे माप न ओलांडता मजकूर लिहिणाऱ्या फंक्शननं, भरला. ॲरेचं माप मात्र अक्षरं मोजून ठरवू नका. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट, काना-मात्रा वेगळ्या मोजायच्या, कन्नडचंही तेच. ‘मोटर चालू’ला २५ बाइट, मजकूर संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या शून्यासकट २६. एसएनप्रिंटएफनं परत दिलेला आकडा ॲरेच्या मापाइतका किंवा जास्त आला, तर मजकूर कापला गेलाय असं समजा.

स्ट्रिंग सोडायचीच नसेल तर सेटअपमध्ये (सुरुवातीला एकदाच चालणाऱ्या भागात) रिझर्व्ह वापरून तिची जागा एकदाच राखून ठेवा. आणि सिरियलवर (संगणकाच्या पडद्यावर) छापायची ठरीव वाक्यं एफ मॅक्रोत, म्हणजे F("...") असं, घाला, ती प्रोग्राम साठवलेल्या फ्लॅश मेमरीतच राहतात, रॅम खात नाहीत.