स्टोनिथ बंद ठेवलेल्या क्लस्टरला हाय अव्हेलेबिलिटी म्हणायचं का?

खडकवासला :
लिनक्सवरचे दोन नोडचे क्लस्टर, म्हणजे एक सर्व्हर पडला तरी सेवा चालू राहावी (हीच हाय अव्हेलेबिलिटी) म्हणून जोडलेले दोन सर्व्हर, तपासायचं काम माझ्याकडे बरेचदा येतं. पेसमेकर (कोणती सेवा कुठल्या नोडवर चालवायची ते ठरवणारा) आणि कोरोसिंक (नोडना एकमेकांशी बोलतं ठेवणारा) नीट बसवलेले असतात, व्हर्च्युअल आयपी, म्हणजे सेवेचा सामाईक पत्ता, इकडून तिकडे जातो, डेमोही झालेला असतो. कॉन्फिग उघडलं की मात्र दिसतं : स्टोनिथ-एनेबल्ड फॉल्स. म्हणजे गप्प झालेल्या नोडला सक्तीने बंद करण्याची सोय (स्टोनिथ किंवा फेन्सिंग) बंद. विचारलं तर उत्तर ठरलेलं, "ते चालू असताना रिसोर्स (डेटाबेस, आयपी वगैरे) सुरूच होत नव्हते, म्हणून बंद केलं."

अहो, होणारच नाहीत, फेन्स डिव्हाइसच, म्हणजे वीज तोडणारं साधनच, दिलेलं नाही! पेसमेकर मुद्दाम अडून बसतो. समोरचा नोड बोलायचा बंद झाला की तो मेलाय की मधला स्विच गेलाय, हे उरलेल्या नोडला कळायला काही मार्ग नसतो. म्हणून आधी समोरच्याची वीज तोडायची आणि मगच डेटाबेस आपल्याकडे घ्यायचा. हे टाळलं आणि शेअर्ड डिस्कवरची एक्सएफएस (एका वेळी एकाच मशीनने वापरायची फाइल सिस्टिम) दोघांनी एकदम माउंट केली, तर फाइल सिस्टिमची वाट लागते. डीआरबीडी (दोन सर्व्हरच्या डिस्क नेटवर्कवरून सारख्या ठेवणारं सॉफ्टवेअर) असेल तर दोन्हीकडे वेगवेगळ्या नोंदी होतात आणि शेवटी एका बाजूच्या टाकून द्याव्या लागतात. बिलिंगच्या सर्व्हरवर कोणत्या टाकणार? फेन्सिंग जमत नसेल तर क्लस्टर करूच नका. त्यापेक्षा एकच सर्व्हर आणि चांगला बॅकअप बरा.

रात्रपाळी :
शेवटच्या वाक्याशी सहमत, बाकीच्याशी अजिबात नाही. आमच्याकडे फेन्सिंग चालू होतं. रात्री व्हीएमचा (व्हर्च्युअल मशीनचा) स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची प्रत, घेताना नोड दोनेक सेकंद गोठायचा आणि दुसरा लगेच त्याला रीबूट करायचा. धडधाकट मशीन, चालू व्यवहार, सगळं खाली. शेवटी क्लस्टर काढला. आता रेप्लिका (डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) आहे, अलार्म वाजतो, माणूस बघतो आणि ठरवतो. पंधरा-वीस मिनिटं जातात, धंद्याला चालतं.

प्रोग्रामचा कोड ठेवायच्या गिटहब या सेवेचं काय झालं होतं? २१ ऑक्टोबर २०१८ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या त्यांच्या मुख्य डेटा सेंटरचा संपर्क ४३ सेकंद तुटला. तेवढ्यात ऑर्केस्ट्रेटर या आपोआप निर्णय घेणाऱ्या सॉफ्टवेअरने पश्चिमेकडच्या डेटाबेसना प्रायमरी (मुख्य, नव्या नोंदी घेणारे) करून टाकलं. पूर्वेकडे काही सेकंदांच्या नोंदी अडकल्या, पश्चिमेकडे जवळपास ४० मिनिटांच्या नव्या जमा झाल्या. सेवा २४ तास ११ मिनिटं विस्कळीत! माणूस असता तर मिनिटभर थांबला असता.

खडकवासला :
स्नॅपशॉटचा त्रास खरा आहे, पण तो टोकनच्या मुदतीचा, म्हणजे किती वेळ उत्तर नाही आलं की नोड गेला मानायचा, त्याचा. जुन्या कोरोसिंकमध्ये ती मुळात १ सेकंद, ३.१ पासून ३ सेकंद. व्हीएमवर ती वाढवायलाच हवी. गिटहबनेही नंतर अंकुश घातला तो एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात प्रायमरी हलवण्यावर. एका खोलीतल्या दोन सर्व्हरना तो न्याय लावू नका.

आणि माणूस? ३१ जानेवारी २०१७, गिटलॅब (गिटहबसारखीच सेवा). रेप्लिकेशन अडकलं म्हणून इंजिनिअर दुय्यम सर्व्हरवरची डिरेक्टरी उडवायला गेला आणि उडवली प्रायमरीवरची. सुमारे ३०० जीबी गेले, डेटाबेसमधल्या जवळपास ६ तासांच्या नोंदी परत आल्याच नाहीत. रात्री उशिरा थकलेल्या माणसावर हा निर्णय टाकणं मला क्रूर वाटतं.

निशिगंधा :
खडकवासला, मुद्दा पटतो, पण "फेन्सिंग आहे" एवढ्यावर भागत नाही. बहुतेक जण आयपीएमआय (सर्व्हरमधल्याच कंट्रोलरमार्फत तो दुरून बंद-चालू करायची सोय) लावून मोकळे होतात. तो कंट्रोलर सर्व्हरच्याच विजेवर चालतो. सर्व्हरची वीज पूर्ण गेली की कंट्रोलरही गेला. मग जिवंत नोड फेन्स करायला जातो, उत्तर मिळत नाही, आणि डेटाबेस सुरू न करता नुसता बसून राहतो. म्हणजे ज्या प्रसंगासाठी क्लस्टर घेतला, त्याच प्रसंगी तो बंद! दुसऱ्या पातळीवर पीडीयूचं (सर्व्हरना वीज देणाऱ्या, दुरून बंद करता येणाऱ्या आउटलेटच्या पट्टीचं) फेन्सिंग हवंच, आणि सर्व्हरचे दोन्ही पॉवर सप्लाय ज्या आउटलेटवर आहेत ती दोन्ही त्यात हवीत. एकच बंद केलं तर सर्व्हर दुसऱ्यावर चालूच राहतो.

शिवाय मधला संपर्क तुटला की दोन नोडमध्ये दोघेही एकमेकांवर एकदमच नेम धरतात. एका बाजूला विलंब द्या, नाहीतर तिसऱ्या छोट्या मशीनवर क्यूडिव्हाइस बसवून तिसरं मत घ्या. मी क्यूडिव्हाइसच्या बाजूने आहे.

रात्रपाळी :
बघा, म्हणजे दोन सर्व्हर, नेटवर्कवरून चालणारे पीडीयू, तिसरं मशीन आणि टोकनचा हिशेब. एवढं सांभाळणारा माणूस लहान कंपनीत असतो कुठे? बसवणारा व्हेंडर बिल घेऊन जातो आणि वर्षभराने पासवर्डही सापडत नाही. माझा विरोध कायम.

खडकवासला :
तसा माणूस नसेल तर क्लस्टर विकूच नये, हे मीही म्हणतोय. पण विकला असेल तर पैसे देण्याआधी चाचणी घ्या. नोड स्टँडबायला टाकून (हुकूम देऊन बाजूला काढून) दाखवतात, ती चाचणी नव्हे. तिथे दोन्ही नोड एकमेकांशी बोलत असतात. चालू व्यवहारात कर्नल क्रॅश करा, कोरोसिंकचा ट्रॅफिक फायरवॉलने अडवा, आणि निशिगंधा म्हणतात तशा एका सर्व्हरच्या दोन्ही पॉवर केबल काढा. तिन्ही वेळा डेटाबेस एकाच ठिकाणी उभा राहिला तरच सही करा.