कामावरची इजा कशामुळे टळली? आपापले अनुभव लिहा

अपघात झाला की दोष कामगाराच्या निष्काळजीपणावर टाकून चौकशी आटोपती घेतली जाते, आणि ज्या व्यवस्थेत तो अपघात घडला ती जशीच्या तशी राहते. म्हणून या धाग्यात ‘सावध राहा’ हा सल्ला नको आहे. आपल्या कामाच्या ठिकाणी नेमकी कोणती सोय केल्यामुळे इजा किंवा विषबाधा टळली, ते लिहावे. संस्थेचे आणि व्यक्तींचे नाव देऊ नये.

फिटर, देखभाल विभाग

आमच्याकडे कन्व्हेयरच्या, म्हणजे माल वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्याच्या, दुरुस्तीपूर्वी मेन स्विच बंद करून त्यावर प्रत्येक जण स्वतःचे कुलूप लावतो आणि किल्ली स्वतःच्याच खिशात ठेवतो. चौघे काम करत असतील, तर चार कुलपे लागतात. एकदा रोलर बदलण्याचे काम पाळी बदलताना अर्धवट राहिले होते. सहकाऱ्याचा हात कोपरापर्यंत पट्ट्याखाली असताना नव्या पाळीच्या ऑपरेटरने पॅनेलवरचे हिरवे बटण दाबले. काहीच घडले नाही, कारण कुलूप जागेवर होते. पूर्वीप्रमाणे ‘काम चालू आहे’ एवढीच पाटी अडकवलेली असती, तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. कुलूप लावल्यावर बटण दाबून यंत्र खरोखर बंद असल्याची खात्री करावी लागते. शिवाय हवेच्या नळीतला दाब, ताणलेली स्प्रिंग आणि उचलून धरलेला भार यांतली शक्ती वीज तोडल्यावरही शिल्लक असते. आमच्याकडच्या दुखापती बहुतांशी तिथूनच झाल्या आहेत, स्विचपाशी नव्हे.

टाकीसफाईच्या कामावरील पर्यवेक्षक

बंद टाकीत उतरण्याआधी गॅस डिटेक्टर दोरीने सोडून वर, मध्ये आणि तळाशी हवा तपासतो. हवेत साधारण 20.9 टक्के ऑक्सिजन असतो, तो 19.5 च्या खाली असेल, तर उतरण्यास परवानगी नाही. नुसता गंजही बंद जागेतला ऑक्सिजन खाऊन टाकतो, हे अनेकांना पटत नाही. एकदा सर्व आकडे ठीक होते, पण गाळ ढवळताच त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू मोकळा झाला आणि आत उतरलेल्याच्या छातीवरचा डिटेक्टर वाजू लागला. या वायूला सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास ओळखण्याची शक्तीच बधिर होते. तेव्हा वास गेला म्हणजे धोका गेला, असे कधीही समजू नये. शेजारी उभा असलेला एक मदतनीस लगेच आत उडी घेऊ पाहत होता. टाकीच्या तोंडाशी नेमलेल्या माणसाने त्याला अडवले आणि आतल्याच्या अंगावरील पट्ट्यांना (हार्नेसला) जोडलेल्या तिपाईच्या चरखीने आतल्याला वर ओढले. अशा दुर्घटनांत वाचवायला गेलेलेच अनेकदा प्राणास मुकतात. त्यामुळे चरखी हाताशी नसेल, तर मी परवान्यावर सही करत नाही, मग उशिराबद्दल कोणी कितीही बोलो.

परिचारिका

वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावण्याची सवय आमच्याकडे उपदेशाने सुटली नाही. सुयांचा डबा खोलीच्या कोपऱ्यातून उचलून प्रत्येक खाटेजवळ हाताच्या अंतरावर लावला, तेव्हा सुटली. तरीही सुई टोचलीच, तर जागा साबण-पाण्याने धुऊन ताबडतोब कळवावे. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे जितक्या लवकर आणि 72 तासांच्या आत सुरू होतील तितके बरे. हेपटायटिस बीची लस मात्र कामावर रुजू होतानाच घ्यावी.

दगड कापणारा कारागीर

दगडातल्या सिलिकाची जी धूळ फुप्फुसात खोलवर जाते ती डोळ्यांना दिसतच नाही, आणि तिच्यामुळे सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार झाल्यावर तो बरा करणारे औषध नाही. आम्हाला आधी मास्क मिळाले होते; दाढीवर ते नीट बसत नसत आणि उकाड्यात गळ्याशी लोंबत असत. पुढे कटरच्या पात्यावर पाण्याची धार सोडणारी नळी बसवली. धूळ उडण्याऐवजी राखाडी चिखल होऊन खाली पडू लागली. मास्क आजही वापरतो, पण सगळी भिस्त त्याच्यावर नाही. कोरडा झाडू मात्र बंद करावाच लागला, कारण वाळलेला चिखल झाडला की तीच धूळ पुन्हा हवेत येते.

धागाकर्ता

फिटर यांना एक प्रश्न: बाहेरून येणाऱ्या कंत्राटी कामगारांच्या कुलपांचे काय करता?

फिटर, देखभाल विभाग

फाटकावर नाव नोंदवतानाच त्यांना क्रमांक असलेले कुलूप आणि एकच किल्ली दिली जाते. कुलूप परत आल्याशिवाय कामपूर्तीच्या कागदावर सही होत नाही.