रोबोट आडवा सरळ चालला म्हणून खाजा वाटला, तर लोक हसतात

खाडीकाठचा मेंटर

नमस्कार मंडळी. आमची शाळा रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकडेला. नाव लिहीत नाही, इथे आमचेच पालक वाचत असतील. यंदा पहिल्यांदाच फर्स्ट टेक चॅलेंजला (फर्स्ट या अमेरिकन संस्थेची शाळकरी पोरांची रोबोट स्पर्धा) टीम उतरवलीय, आठवी ते अकरावीची पोरं. मी स्वतः इन्व्हर्टर-सोलरची कामं घेतो, शाळेने "तुम्ही जरा बघा" म्हटलं आणि ते जरा आता रोजचं झालंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुरुवातीला रोबोट १८ इंची खोक्यात मावला पाहिजे, मैदान १२ बाय १२ फुटाचं, मॅच अडीच मिनिटांची, त्यातली पहिली ३० सेकंद रोबोट प्रोग्रामवर स्वतः चालतो, मग पोरं गेमपॅड घेतात. दोन टीम मिळून एक अलायन्स. यंदाचा, म्हणजे २०२५-२६ चा गेम डीकोड, जांभळे-हिरवे बॉल उडवून गोलमध्ये टाकायचे, एका वेळी तीनच बॉल जवळ ठेवता येतात. आणि गेम जाहीर कधी झाला तर ६ सप्टेंबर २०२५, अनंत चतुर्दशी! आमच्याकडे अर्ध्या टीमच्या घरी अकरा दिवसांचा गणपती, त्या दिवशी लॅबला कोण येणार. त्याच्या आदल्या वर्षी ७ सप्टेंबर, म्हणजे ऐन चतुर्थी. तिकडे अमेरिकेत कोणाला काय पत्ता.

असो. मुद्दा हा. आमची मेकॅनम चाकं (तिरपे रोलर असलेली, त्यांच्यावर रोबोट न वळता आडवाही जातो) लावल्यापासून रोबोट आडवा चालवला की गोल फिरत जायचा. पोरांनी रोलर वरून एक्स दिसतायत का ते तपासलं, वायरी तपासल्या, सगळं बरोबर. शेवटी नववीतल्या एकीच्या लक्षात आलं की बॅटरी एका कोपऱ्यात लावलीय, वजन सगळं तिकडे. बॅटरी मधे आणली आणि गेला की हो सरळ, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पोरं नाचली, माझ्याकडे जत्रेतून आणलेला खाजा होता तो फोडला. गेटवर एका पालकांनी विचारलं काय स्पर्धा जिंकलात काय, म्हटलं नाही, रोबोट आडवा सरळ चालला. ते असे हसले की पोरगी तिथेच गप्प झाली. नंतर पालकसभेतही निघालं, दहावीचं वर्ष आणि हे पार्ट्या करतायत.

पालकांचं एक वेळ सोडा, आमचा दहावीतला प्रोग्रामरच म्हणतो, "सर यूट्यूबवर बघा, बाहेरच्या टीम्स सप्टेंबरातच बॉल मारत होत्या, आपण खाजा कसला खातोय." त्याला काय सांगायचं ते कळत नाही. तुमच्याकडे अशा बारक्या बारक्या गोष्टी साजऱ्या करता का, कशा करता, की खरंच ट्रॉफीपर्यंत थांबायचं?

सोल्डरवाली

खाजा वाटाच. मी सिंधुदुर्गातल्या टीममध्ये होते, आता इंजिनीअरिंगला आहे. माझं एकच म्हणणं, कशासाठी आणि कोणामुळे ते नाव घेऊन सांगा. नुसतं "शाब्बास टीम" म्हटलं की टाळ्या कायम ड्रायव्हरला पडतात कारण गेमपॅड त्याच्या हातात दिसतो. मी दोन सीझन वायरिंग केलं, आणि चांगलं वायरिंग म्हणजे काहीच घडत नाही ना, कनेक्टर निघत नाही, मोटर मधेच बंद पडत नाही. जे घडलंच नाही त्याला टाळ्या कोण वाजवणार.

आमच्या मेंटरनी त्यावर उपाय म्हणून गाऱ्हाणं काढलं होतं, आपल्याकडे देवापुढे घालतात तसं. काहीही जमलं की सगळ्यांनी रोबोटभोवती उभं राहायचं आणि ज्याच्यामुळे जमलं त्याने गाऱ्हाणं घालायचं. आमच्यातल्या एकाचं अजून पाठ आहे (एन्कोडर म्हणजे मोटर किती फिरली ते मोजणारा सेन्सर):

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरांनी जो काय एन्कोडर चालू केल्यांनी, तो स्पर्धेच्या दिवशीय असोच चालू ऱ्हवांदे रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!"
"आणि बॅटरी चार्ज करूची बुद्धी ह्यांका आदल्या रात्रीच दी रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा!!"

एक मिनिट लागतो, खर्च शून्य, आणि जो पोरगा कधी तोंड उघडत नाही त्याला पण सगळ्यांसमोर आपण काय केलं ते बोलावं लागतं. पुढे जजेससमोर बोलताना त्याच पोरांची भीड मोडलेली असते, हा आमचा अनुभव.

घाटावरून परत

मी थोडं उलट बोलणार, राग मानू नका. साजरं करायला माझी ना नाही पण एकदा झालं म्हणजे झालं असं नसतं. रोबोट शनिवारी सरळ गेला, सोमवारी जाईल का? बऱ्याच टीम्स सुरुवातीला ऑटोनॉमस (त्या पहिल्या ३० सेकंदांचा प्रोग्राम) वेळ मोजून लिहितात, म्हणजे दोन सेकंद पुढे जा, एक सेकंद वळ. फुल चार्ज बॅटरी तेरा व्होल्टच्या वर असते, चार मॅच खेळून बाराच्या आसपास आली की तेच दोन सेकंद कमी अंतर कापतात. पोरांनी सकाळी जल्लोष केलेला असतो आणि संध्याकाळी तोच प्रोग्राम भिंतीत शिरतो. एन्कोडर किंवा ओडोमेट्री (रोबोट किती सरकला ते मोजायची सोय) लावली की हा खेळ संपतो.

म्हणून आमच्याकडे नियम आहे, लागोपाठ दहा वेळा चालवायचं, आठ वेळा बरोबर आलं तरच घंटा. शाळेची जुनी पितळी घंटा आहे ती लॅबमध्ये टांगलीय. आकडा पोरांनीच ठरवलाय, मी नाही. तुमच्या यूट्यूबवाल्या प्रोग्रामरला पण हेच द्या, व्हिडिओत चाललेला शॉट दिसतो, हुकलेले किती ते कोण अपलोड करतं! त्याला म्हणावं आपल्या शूटरचे दहातले किती गेले ते फळ्यावर लिही, पुढच्या आठवड्यात परत लिही. स्वतःच्याच मागच्या आकड्याशी झुंज लावून द्या त्याची.

आणि हो, विषय निघालाच आहे तर, आपल्याकडच्यांनी हे लक्षात ठेवा. आपल्या दमट हवेत मॅटवर स्टॅटिक फारसं जमत नाही, घाटावर थंडीत हवा कोरडी, तिथे चाकं घासून रोबोटवर चार्ज जमतो आणि धातूला टेकला की कंट्रोल हब, म्हणजे रोबोटचा मेंदूच, मॅचमध्ये डिस्कनेक्ट होऊ शकतो. कोकणात प्रॅक्टिस करून गेलेली टीम म्हणते घरी तर मस्त चालत होता. त्यावर रेझिस्टिव्ह ग्राउंडिंग स्ट्रॅप (रेझिस्टर असलेली वायर) मिळतो, हबच्या रिकाम्या एक्सटी३० पॉवर पोर्टमधून धातूच्या फ्रेमला जोडायचा. जाण्याआधी लावा.

खाडीकाठचा मेंटर

@घाटावरून परत, दहातले आठ पटलं, पण पहिल्यांदा जमतं तेव्हाच पोरं उड्या मारतात हो. तेव्हा "थांबा, अजून नऊ वेळा" म्हणायचं म्हणजे जिवावर येतं. स्ट्रॅपचं खरंच माहीत नव्हतं, धन्यवाद.

घाटावरून परत

पहिल्यांदा उड्या मारू द्या की, उड्यांना कोण अडवतंय. घंटा मात्र आठला.

चाकरमानी डोंबिवली

मी रोबोटवाला नाही, एचआरमध्ये आहे, गाव गुहागरकडे. आमच्या ट्रेनिंगमध्ये सांगतात तेच इथे चाललंय म्हणून लिहितो. हार्वर्डच्या टेरेसा अमाबिले म्हणून आहेत, त्यांनी आणि स्टीव्हन क्रेमर यांनी सात कंपन्यांतल्या २३८ लोकांच्या रोजच्या डायऱ्या तपासल्या, जवळपास १२,००० नोंदी. कुठल्या दिवशी माणूस खुशीत आणि कामात रमलेला असतो, तर ज्या दिवशी कामात थोडं का होईना पुढे सरकल्यासारखं वाटतं. आणि उलटं पण, मागे गेल्याचा फटका पुढे गेल्याच्या आनंदापेक्षा जोरात बसतो. आता ते ऑफिसातले लोक होते, शाळेतली पोरं नाहीत, त्यामुळे जसंच्या तसं लागू करू नका. पण गेटवर हसणाऱ्या त्या साहेबांना त्यांच्या अप्रेझलची आठवण करून द्यायला हरकत नाही 😄

विज्ञानवाल्या बाई

आमची शाळा आत, डोंगरात, सहाची एसटी गेली की नंतर काही नाही. त्यामुळे आमचं सेलिब्रेशन दोन मिनिटांत उरकावंच लागतं, आणि मला वाटतं तेच बरं आहे. मागे एका टीमबरोबर गेले होते तर त्यांच्याकडे प्रत्येक वेळी केक, फोटो, रील, मग पोरं रीलसाठी रोबोट चालवतायत की रोबोटसाठी रील काढतायत तेच कळेना.

आम्ही जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून भिंतीला चिकटवलीयेत. रोज जाताना एकाने एक ओळ लिहायची, तारीख घालून, काय जमलं. त्यात मी अजून एक घातलंय, काय जळलं किंवा तुटलं ते ज्याने स्वतःहून सांगितलं त्याची ओळ लाल पेनाने, आणि त्यालाही टाळ्या. आमच्याकडे सर्व्हो (छोट्या मोटर) जळायचे आणि गुपचूप खोक्यात परत जायचे, मग पुढचा बिचारा तासभर कोड तपासत बसायचा, दोष कोडमध्ये नाहीच. लाल ओळी सुरू झाल्यापासून जळका सर्व्हो त्याच दिवशी कळतो. खारा वारा आणि पावसाळा मिळून स्क्रू, बेअरिंग गंजतात ते वेगळंच, त्याच्यापण ओळी आहेत.

मला वाटलेलं हे आपलं मनाचं समाधान. पण जजेसना द्यायचा पोर्टफोलिओ करायला बसलो तेव्हा कळलं काय सोनं आहे ते. फर्स्टवाले कव्हर सोडून १५ पानं देतात, त्यात काय अडलं, काय करून बघितलं, का बदललं हे दाखवायचं असतं, थिंक अवॉर्ड तर त्याच्यासाठीच आहे. बाकी टीम्स आठवून आठवून लिहीत होत्या, आमच्या पोरांनी भिंतीवरून उतरवलं. तुमची ती बॅटरी मधे आणल्याची गोष्ट, वजन कुठे होतं, रोबोट किती फिरायचा, हलवल्यावर काय झालं, ते अख्खं अर्धं पान आहे बघा. आजच्या आज त्या मुलीला लिहायला सांगा, तिच्या शब्दांत. दोन महिन्यांनी तिलाच आठवणार नाही.

मालवणचो बापूस

बापाशीचा म्हणणा कोणतरी मांडूक व्हया म्हणान लिवतंय. माझो झील टीमात आसा. पयल्यांदा माकाय वाटला होता ह्यो काय खेळ चल्लो हा, धावीचा वर्स आणि पोरगो रात्री धापर्यंत शाळेत. एकदा मास्तरान सगळ्या आवशी-बापाशींका लॅबात बोलावल्यान आणि गेमपॅड आमच्याच हातात दिल्यान. म्हटल्यान चलवा. अरे द्येवा, माझो ट्रॉलर मी वाऱ्यापावसात हाकतंय, पण ता बारक्या येंत्र धा फूट सरळ जायना. भितीर आपाटला, पोरां हासाक लागली. तेवा समाजला सरळ जाना म्हंजे काय ता.

त्या गेटवर हसणाऱ्या बापाशीक शिकवाक जाव नकात. गेमपॅड द्या हातात.

पण दुसरी बाजूय सांगतंय. धावीच्या पोराची येळ ठरवा, परीक्षेच्या आदी म्हयनाभर त्येका सोडा. तितक्या पाळल्यात तर पालक गप ऱ्हवतत.

सोल्डरवाली

बापूस एक नंबर 🙏 आमच्याकडे हे कोणाला सुचलंच नव्हतं.

अजून एक राहिलं. स्पर्धेत गेलात की दुसऱ्यांचं पण साजरं करायला शिकवा. आज जी टीम समोर आहे ती पुढच्या मॅचला तुमची पार्टनर असू शकते, क्वालिफिकेशनच्या जोड्या वेगवेगळ्या लागतात. एमआयटीचे वूडी फ्लॉवर्स यांनी फर्स्टमध्ये ग्रेशियस प्रोफेशनॅलिझम आणलं ते हेच, जीव तोडून खेळायचं पण समोरच्याचा रोबोट बंद पडला तर आपला स्क्रूड्रायव्हर घेऊन धावायचं. आमची चार्ज केलेली बॅटरी एका टीमला दिली, त्यांचा रोबोट सकाळपासून पहिल्यांदा हलला आणि आमचीच पोरं व्हय म्हाराजा ओरडली. ती मॅच आम्ही त्यांच्याविरुद्ध हरलो हे पण खरं. परतीच्या गाडीत मात्र सगळी चर्चा बॅटरीचीच.

घाटावरून परत

हरल्यावर व्हय म्हाराजा म्हणायला कोकणीच पाहिजे. बाकी मुद्दा मान्य.

खाडीकाठचा मेंटर

सगळ्यांचं वाचलं, टीमलाही वाचून दाखवलं. घंटा आमच्याकडे नाही पण एकाच्या घरी देवळातली जुनी झांज आहे, ती येतेय. गाऱ्हाण्यावरून लगेच भांडण, रत्नागिरीकडच्यांनी मालवणीत का घालायचं म्हणून, त्यांचं ते बघतील. बाई, त्या मुलीने बॅटरीचं पान लिहायला घेतलंय, चित्रासकट, फोटोपेक्षा चित्र बरं आलंय. प्रोग्रामरने फळ्यावर आकडा लिहिलाय, दहातले तीन. तोंड वाकडं करून लिहिला, पण काल सगळे गेल्यावर फ्लायव्हीलचा (बॉल उडवणाऱ्या चाकाचा) स्पीड बदलत बसला होता, वॉचमनने हाकलला.

एकच अडचण, तो ग्राउंडिंग स्ट्रॅप. इथे कुठे मिळत नाही आणि ऑनलाइन मागवला तर जानेवारी उजाडेल असं दिसतंय. कोणाकडे जास्तीचा आहे का?

सोल्डरवाली

आमच्या जुन्या टीमच्या खोक्यात दोन असणार, मेंटरना विचारून पाठवायला लावते. कुरिअर की एसटी पार्सल?

खाडीकाठचा मेंटर

एसटी पार्सलच बरं. डेपोत पोरगा पाठवतो. फक्त शनिवारी नको, त्या दिवशी पालकांना गेमपॅड द्यायला बोलावलंय, सगळे लागतील.