शब्दचर्चा: शंका, संशय की अविश्वास?

नेरूळकर: आमच्या चर्चच्या मंडळीच्या तरुण संघाची सभा आहे. विषय असा, की विश्वासात वाढलेल्या मुलाच्या मनात प्रश्न उठू लागले तर त्याने काय करावं. फ्लेक्सवर 'संशयावर विजय' छापून आणलं. सोसायटीच्या गेटवर लावायला गेलो, तर वॉचमन म्हणतो, "नवरा-बायकोच्या भांडणांचं शिबिर आहे का साहेब?" तसाच गुंडाळून परत आणला. आता पाळकसाहेब म्हणतात 'अविश्वास' लिहा, आणि मुलं म्हणतात 'डाउट'च राहू दे. डाउट तर क्लासमध्ये गणितातलेही असतात. या शब्दांत नेमका फरक काय?

चरईवाला: वॉचमनचा कान चांगला आहे. नाम सोडा, क्रियापद बघा. शंका *येते*. आपण बोलावलेली नसते. मग ती विचारतात, आणि उत्तर मिळालं की फिटते. शाळेत बाई "कुणाला काही शंका?" असं विचारायच्या तेव्हा त्यात दोषारोप नव्हता. (लघुशंकेचा विनोद इथे कुणी करणार असेल तर तो मीच करून टाकतो.) संशय मात्र *घेतात*, आणि तो कुणावर तरी घेतात. बायकोवर, भागीदारावर, कामवालीवर. समोरचा लबाड असेल हे त्यात गृहीत असतं. शिवाय मराठी कानावर गीतेचं 'संशयात्मा विनश्यति' पिढ्यान्‌पिढ्या पडलेलं, म्हणून या शब्दाला नाशाचा वास आहे. अविश्वासाचा तर ठराव मांडतात, सरकार पाडायला.

आता पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, मराठी. तिथे तिसरंच क्रियापद आहे, संशय *धरणे*. येशूचा शिष्य पेत्र पाण्यावरून चालत निघाला, वारा पाहून भ्यायला, बुडू लागला. येशू म्हणतो, तू संशय का धरलास? (मत्तय १४:३१). आपण राग धरतो, अढी धरतो, तसा हा धरलेला. पण त्याच ओळीत क्रम बघा: आधी हात पुढे करून त्याला धरलं, प्रश्न नंतर. मूळ ग्रीक क्रियापद 'दिस्ताझो', त्यात 'दोनदा' हा अर्थ दडलेला आहे, म्हणजे मन दोन्हीकडे. नव्या करारात (बायबलच्या दुसऱ्या भागात) ते दोनच ठिकाणी येतं. दुसरी जागा मत्तय २८:१७. पुनरुत्थित येशूला शिष्य गालीलातल्या डोंगरावर भेटतात, नमन करतात, आणि त्यातल्याच काहींना संशय वाटतो. त्यांना कुणी गटाबाहेर काढत नाही. लगेच पुढच्या वचनांत सगळ्या राष्ट्रांत जायची आज्ञा त्याच अकरा शिष्यांना मिळते.

घोडबंदरची वसईकर: आमच्याकडे येशूचा शिष्य संत थॉमस याचा सण ३ जुलैला असतो, आणि दर वर्षी प्रवचनात बिचाऱ्याला 'संशयी थॉमस' म्हणतात. इंग्रजीतून उचललेलं बिरुद. मराठीत 'संशयी' म्हटलं की मोबाईल तपासणारा नवराच आठवतो. योहान २०:२७ मध्ये शंका किंवा संशय हा शब्दच नाही. तिथे येशू त्याला म्हणतो ते 'विश्वासहीन होऊ नको' अशा अर्थाचं आहे. आणि त्याने मागितलं काय, तर पुनरुत्थित येशूच्या अंगावरच्या, बाकीच्या दहा शिष्यांना आधीच दिसलेल्या जखमांच्या खुणा. स्त्रियांनी रिकाम्या कबरेची बातमी आणली तेव्हा त्या इतरांनाही ती वायफळ बडबड वाटली होती (लूक २४:११). "आपणही त्याच्याबरोबर मरायला जाऊ" असं योहान ११ मध्ये म्हणणारा हाच थॉमस, ते कुणी फ्लेक्सवर लावत नाही.

कळव्याचे काका: बाई, सगळं गोड करून टाकू नका. याकोब १:६ वाचा. संशय धरणारा वाऱ्याने हेलकावणाऱ्या लाटेसारखा, आणि अशा माणसाने प्रभूकडून काही मिळेल असं समजू नये. मुलांना हे नाही का सांगायचं?

चरईवाला: सांगायचं ना काका, पण पाचव्या वचनापासून. ज्याला ज्ञान कमी आहे त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता देतो. म्हणजे विचारायला मुभा आधी दिली. फटकारलंय ते द्विबुद्धीच्या माणसाला, जो मागतो देवाकडे आणि भिस्त ठेवतो भलतीकडे. ग्रीकमध्येही इथे 'दिस्ताझो' नाही, 'दियाक्रिनो' आहे. मराठीत दोन्हींना 'संशय'च आल्यामुळे पेत्र आणि हा माणूस एका रांगेत उभे राहिले.

ऐरोलीची सिस्टर (नर्स, नन नाही): माझी अडचण वेगळी, ती तुमच्या कुठल्याच शब्दात बसत नाही. आई गेल्यापासून रात्रपाळीत प्रार्थना करते, पण समोर कुणी आहे असं वाटत नाही. प्रश्न काही नाही. देव खोटा आहे असंही नाही. याला शंका म्हणू?

घोडबंदरची वसईकर: नाही गं ताई. याला आमचे फादर 'कोरडेपण' म्हणतात. जुन्या संतांचा शब्द 'काळोखी रात्र'. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापली गेली, त्यात हेच आहे. अनेक वर्षं देव जाणवत नाही असं त्या आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना लिहीत राहिल्या, आणि काम चालूच होतं. अशा वेळी युक्तिवाद ऐकवणारा नको असतो. स्तोत्र ८८ वाच. बहुतेक विलापस्तोत्रांच्या शेवटी आशा येते, याच्या शेवटी अंधारच आहे, आणि तरी ते प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवलंय. जमेल तेव्हा फोन कर, मी उशिरापर्यंत जागी असते.

कळव्याचे काका: मार्क ९:२४ घ्या मग. मुलाच्या आजाराने टेकीला आलेला बाप. माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा, असं एका दमात ओरडतो. तिथे 'अविश्वास' शब्द चालतो, कारण तो स्वतःबद्दल बोलतोय. दुसऱ्याच्या पोराला तो चिकटवायचा नाही, एवढं मला मान्य.

नेरूळकर: झालं. नवा फ्लेक्स: 'शंका आहे? विचारा.' पाळकसाहेबांनी खाली बायबलमधल्या यहूदाच्या पत्राचं २२वं वचन घालायला लावलं, संशयात असलेल्यांवर दया करा. नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकायला दाराशी बिस्किटांचा डबा ठेवलाय. पहिली चिठ्ठी आलीसुद्धा: "प्रार्थनेचं उत्तर आलं नाही, तर ते 'नाही' समजायचं की 'थांब'?" काका, ही तुमच्याकडे देतोय. रविवारी उपासनेनंतर, साडेअकराला या.