‘ड्राय’ वाइनला ‘कोरडी’ म्हणावं का?

माझा भाचा नाशिककडे एका वायनरीत कामाला आहे. परवा गावी आला तो दोन बाटल्या आणि एक कागद घेऊन. बाटल्या रेड वाइनच्या, एक कॅबर्ने सोव्हिन्यॉं आणि एक शिराझ. ही दोन्ही द्राक्षांच्या जातींची नावं. कागदावर पाहुण्यांसाठी केलेलं मराठी वर्णन होतं. “मामा, हे वाचून सांगा न, बरोबर वाटते काय.” पहिलीच ओळ अशी: ‘ही कोरडी, मसालेदार, पूर्ण अंगाची वाइन खोलीच्या तापमानाला द्यावी.’ यातला एकही शब्द मला पटला नाही, म्हणून इथे मांडतो आहे.

आधी ‘कोरडी’. वाइनवाले ड्राय म्हणतात ते गोडीबद्दल. रस आंबताना यीस्टने साखर जवळजवळ सगळी संपवली, की ती वाइन ड्राय. मराठीत मात्र कोरडं पडतं ते तोंड. आणि पंचाईत अशी, की रेड वाइनने तोंड खरंच कोरडं पडतं, पण साखर नाही म्हणून नव्हे, टॅनिन नावाच्या तुरट घटकामुळे. हे टॅनिन द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून उतरतं, थोडं ओकच्या पिंपातून. ते लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं. लाळेचा बुळबुळीतपणा गेला, की जीभ टाळूला घासायला लागते. व्हाइट वाइनमध्ये रस सालीपासून आधीच वेगळा काढतात, म्हणून ती कितीही ड्राय असली तरी तोंड असं ओढत नाही. उलट पोर्टसारखी गोड रेड वाइन तोंड चांगलंच ओढू शकते. दोन्ही गोष्टींना ‘कोरडी’ म्हटलं तर वाचणाऱ्याने काय समजायचं?

ड्रायसाठी मी ‘अगोड’ सुचवतो. चहा अगोड झाला असं आपण रोज म्हणतो. आमच्याकडे बिनसाखरेच्या चहाला फिक्का चहाही म्हणतात, पण ‘फिक्की वाइन’ म्हटलं की रंगच फिका वाटतो.

आता टॅनिनचा शब्द. संध्याकाळी छपरीत बसून दोन्ही बाटल्या उघडल्या. मोठे बाबा ऐंशीच्या पुढचे, आयुष्यभर मोहाचीच घेतलेली. त्यांनी कॅबर्नेचा घोट तोंडात फिरवला, गिळला, आणि जीभ दोनदा टाळूला लावून सोडली. चिकटलेला कागद सुटावा तसा आवाज आला. म्हणाले, “हे त कच्च्या टेंभरासारखं लागून राह्यलं. जीभ आवळते.” मग शिराझ. जरा वेळ गप्प. “हे पिकलं हाय.”

मला वाटतं चर्चा इथेच अर्धी संपली. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, ज्याने खाल्ली त्याला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. कच्चं टेंभर तोंडात घातलं की जीभ, गाल, हिरड्या सगळं आत ओढलं जातं. पिकल्यावर तुरटपणा पुष्कळ उतरतो, थोडा मागे राहतो आणि गोडीला आधार देतो. दोन्ही तुरटच, पण एक कच्चट तुरट, दुसरा पिकला तुरट. बाटलीत वर्षानुवर्षं राहून जो मवाळ होतो त्याला ‘मुरलेला’ हा लोणच्याचा शब्द तयारच आहे. कॅबर्नेचा मणी लहान, साल जाड, म्हणून रसाच्या मानाने साल आणि बी जास्त, आणि तुरटपणाही ठणठणीत. पिनो न्वार या जातीची साल पातळ, ती वाइन रंगालाही हलकी आणि जिभेलाही. शिराझ तुरटपणात काही कमी नसते, पण आमच्या बाटलीत तो काळ्या जांभळासारख्या फळाच्या चवीत मिसळून गेला होता.

‘मसालेदार’ तर विदर्भात चालणारच नाही. इथे मसालेदार म्हटलं की सावजी रस्सा डोळ्यांपुढे येतो, नाकातून पाणी काढणारा. शिराझमध्ये जिभेला चटका कसलाच नाही. तिला काळ्या मिऱ्याचा वास असतो, आणि तो नुसता भास नव्हे. रोटंडोन नावाचं संयुग मिऱ्यातही असतं आणि शिराझच्या सालीतही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ते 2008 साली ओळखून काढलं. मग सरळ ‘मिऱ्याच्या वासाची’ लिहावं.

‘पूर्ण अंगाची’ (इंग्रजी ‘फुल-बॉडीड’) काढून टाका. वरणाचं पाणी आणि घोटलेलं वरण यात तोंडाला जो फरक कळतो, तोच आहे हा. पातळ किंवा भरीव म्हणा.

आणि खोलीचं तापमान कुठल्या खोलीचं? हा शब्द थंड देशातल्या जुन्या घरांचा. रेड वाइनला साधारण 16 ते 18 अंश लागतात. मे महिन्यात यवतमाळात खोली चाळिशीच्या आसपास असते. त्या उन्हात नुसतं अल्कोहोलच नाकात जातं, फळाचा वास दबून जातो. आम्ही बाटल्या माठातल्या पाण्यात उभ्या ठेवल्या होत्या. कागदावर ‘गारसर द्यावी’ एवढं पुरे.

प्रतिसाद: तुरटला ‘कषाय’ हा शास्त्रीय शब्द असताना टेंभरं कशाला? शिवाय तुरट हा मराठीत दोष आहे. तुरट म्हणून कोणी कौतुक करत नाही.

उत्तर: कषाय सहा रसांतला खरा, पण मराठी माणसाला त्यातून काढा आठवतो. आयुर्वेदातले रस मराठीत जसेच्या तसे उतरत नाहीत. तिथला कटु म्हणजे आपला तिखट, आणि तिथला तिक्त म्हणजे आपला कडू. कटुवरून आलेला ‘कडू’ शब्द आपण वेगळ्याच चवीला लावला. तुरट मात्र आपल्या अर्थाशी इमानदार राहिला आहे. संस्कृतात तुवर म्हणजे तुरट, आणि तुवरी म्हणजे आपली तूर. जिच्या शेतात आम्ही वर्षाचे कितीतरी महिने असतो, तिच्या नावातच ही चव आहे.

आणि दोष कसा म्हणता? पानात कात आवडीने लावतो तो तुरटच. सुपारी तुरट. आवळा खाऊन वर पाणी पिण्यासाठी लहान मुलं धडपडतात. जांभळाला मीठ चोळतो ते तुरटपणा आवरण्यासाठी, घालवण्यासाठी नव्हे.

ज्यांना वाइन नको त्यांनी घरीच करून पाहावं. कोरा चहा दोन कपांत घ्या, एकात पत्ती दोन मिनिटं, दुसऱ्यात दहा मिनिटं. दुसरा कप जीभ धरतो. त्यात चमचाभर दूध घाला, पकड सुटते, कारण चहातला तुरटपणा आता दुधातल्या प्रथिनांना धरतो, लाळेतल्यांना कमी. मटणासोबत कॅबर्ने मवाळ लागते तीही याच कारणाने. तर्री मात्र बेताची हवी, तिखट आणि टॅनिन एकमेकांना चढवतात.

भाच्याच्या कागदावर शेवटी हे गेलं:

कॅबर्ने: अगोड, भरीव. तुरटपणा ठळक, जीभ आवळणारा. मटणासोबत, गारसर.

शिराझ: अगोड, भरीव. पिकल्या जांभळाची चव, मिऱ्याचा वास, तुरटपणा मवाळ. गारसर.

एक शब्द अजून अडला आहे. आंबटाला ‘ढाण’, कडूला ‘जहर’, गोडाला ‘मिट्ट’ लागतं. आमच्या घरात तुरटाला असं काही जोडत नाहीत. तुमच्या गावाकडे कच्च्या टेंभराला काय म्हणतात?